बागेचं बारसं

मी फौजेतनं आलेला माणूस. माझं डोकं तापायला वेळ लागत न्हाय, हे गावाला ठाऊक हाय. म्हणून सरपंच दीपाली चहा पिऊन झाल्यावरच बोलली.

"आबा, नव्या बागेला तुमच्या घराण्याचं नाव द्यायचं ठरलंय. फौजी ज्ञानोबा पांढरे कुटुंब उद्यान."

बाग म्हंजे तेर गावच्या वाटेवरचं आमचं जुनं वाडगं. आमी धनगर, मेंढरं कोंडायची ती जागा. मेंढरं गेली, पोरं नोकरीला लागली, तवा म्या ती गावाला देऊन टाकली. आता तिथं घसरगुंडी हाय, बाकडी हायत, अन् आमचा लिंब तेवढा जुना हाय.

"कुटुंबात कोण कोण धरलंय?" म्या इचारलं.

"तुम्ही, तुमचे आई-वडील, भाऊ, पत्नी, मुलं, सुना."

"अन् आक्का?"

शेजारचा विरुपाक्ष, माझ्याच बरोबरीचा, पंचायतीतला जुना मेंबर, खाकरला. "तुळजाबाई मानाच्या हायत, कोण न्हाय म्हणतंय? पर लग्न झालेली लेक सासरच्या घराण्यात धरत्यात. रीत हाय ती."

"कंच्या सासरची गोष्ट करतोस रे?" माझा आवाज चढला.

एकाहत्तरच्या लढाईत मी सीमेवर हुतो, तवा आमचा बा गेला. मागं मेंढरं, दिसायचं कमी झालेली आई अन् दोन धाकटे भाऊ. आक्का परंड्याकडनं सासरहून बाच्या दहाव्याला आली, ती परत गेलीच न्हाय. माझ्यापर्यंत बातमी कुणाला पोचवू दिली न्हाय. म्हणाली, लढाईवरच्या माणसाचं ध्यान मागं ओढू नये. लांडग्याच्या भ्यानं काठी उशाला घेऊन वाडग्यात निजायची. नवऱ्यानं बोलावणी धाडली, मग दुसरी बायको केली. मी सुट्टीवर आलो, गावानं मला वाजतगाजत मिरवलं. आक्कानं पायावर पाणी घातलं, ओवाळलं, अन् मेंढरांमागं निघून गेली. माझं घर उभं ऱ्हायलं ते तिच्यामुळं. तिचे उपकार या जन्मात फिटायचे न्हाईत.

"तिचं नाव न्हाय, तर माझंबी नको," म्या सांगून टाकलं.

"लेका, अजून बंदूक खांद्यावरच हाय व्हय तुझ्या?" विरुपाक्ष म्हणाला.

दीपाली हसली. "आबा, आपण बागेचं बारसं करू. घुगऱ्या वाटू. बारशाला नाव आत्या ठेवते. तुळजा आज्जी ठेवतील ते नाव बोर्डावर रंगवू. मग तर झालं?"

विरुपाक्षानं मान हलवली. मलाबी पटलं.

बारशाच्या दिवशी आक्का नवं इरकली लुगडं नेसून माझ्यासंगं निघाली. वाटेत म्या म्हटलं, "आक्का, तुझंच नाव ठेव."

"खुळा का काय? सोताचं नाव सोता ठेवत्यात व्हय?" ती म्हणाली. "अन् मी पांढऱ्यांची कुठं ऱ्हायले आता? विरुपाक्ष बोलला ते आलंय माझ्या कानावर, खोटं न्हाय ते. तुझंच नाव ठेवते बघ."

जरा रागानं बोलली असती तर बरं वाटलं असतं. सहज बोलली.

बायांनी लिंबाला खण बांधला हुता, फुगे लावले हुते. पोरं घुगऱ्यांच्या पातेल्याभोवती गराडा घालून हुती. बाळाच्या कानात बोलावं तशी आक्का बुंध्याकडं वाकायला लागली, अन् मी पुढं झालो.

"थांब. आज आत्या मी."

"आगं बया!" कुणीतरी वराडलं. "मिशीवाली आत्या!" समदी बाग हसाय लागली. मी गुडघ्यावर हात टेकून वाकलो, बुंध्याला तोंड लावलं.

"कुर्रर्र!" अन् परेडवरच्या आवाजात म्हटलं, "तुळजाबाई पांढरे!"

हसणं थांबलं. विरुपाक्ष टोपी काढून उभा ऱ्हायला. बारशाला नाव घेतलं की आत्याच्या पाठीत धपाटे बसत्यात. दीपालीनं पहिला घातला, मग सुनांनी, मग गल्लीतल्या बायांनी. चांगले सणसणीत. पुन्यांदा हसणं उसळलं, मीबी हसत हुतो, डोळं मातर भरलं हुतं.

शेवटचा धपाटा हळू बसला. तो हात पाठीवरनं उचललाच न्हाय.

"ज्ञानू," आक्का म्हणाली, "पुन्यांदा घे की रं नाव. आडनावासकट."

म्या घेतलं. माझ्यामागनं विरुपाक्षानं घेतलं, मग समद्या गावानं.