मालकाचं डिझेल

सोमाजी रामटेके यांची सगळी नोकरी वनखात्याच्या लाकूड डेपोत गेली. ओंडका ठोकून तो आतून भरीव आहे की पोकळ, हे ते नुसत्या आवाजावरून सांगत. निवृत्तीनंतर मूल गावी घर बांधलं आणि शेअरबाजाराचा नाद धरला. नाद म्हणजे, वर्षभर नुसतं वाचणं. कमलाबाई म्हणत, "बाजारात जाऊन फक्त भाव विचारून येणारा माणूस आहे हा."

त्यांचे मित्र गुणवंतराव धानाचे मोठे शेतकरी. वाचत बसणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. त्यांनी 'वंशमूल ग्रीन फ्युएल्स' नावाचा शेअर दीड रुपयाला घेतला होता आणि दोन महिन्यांत तो सहावर गेला होता. रोज सकाळी बाजार उघडला की घेणाऱ्यांची रांग, विकणारा कोणी नाही.

"सोमाजीभाऊ, घेऊन टाका," ते म्हणाले. "पोंभुर्ण्याजवळ बांबूपासून जळण बनवाची फॅक्टरी आहे कंपनीची. टेलिग्रामवर सांगून राह्यले, दिवाळीपर्यंत पन्नास."

"पन्नास काऊन?"

"काऊन म्हणजे? वाढून राह्यला म्हणून."

सोमाजींच्या तोंडाला पाणी सुटलं; निवृत्तीच्या पैशातले एक लाख त्यांनी बाजारासाठी बाजूला ठेवलेच होते. तरी त्यांनी आधी कंपनीचा वार्षिक अहवाल उघडला. पाच वर्षांत तीन नावं. आधी सुरतेच्या साड्या, मग सॉफ्टवेअर, आता बांबू. ताज्या तिमाहीच्या आकड्यांत दिसलं, चढत्या भावात मालकांनी आपला निम्मा हिस्सा गुपचूप विकलेला. आणि वर्षभराचा विजेचा खर्च अठराशे रुपये.

"कमला, आपलं लाइटबिल किती आलं?"

"एका महिन्याचं दोन हजार. काऊन?"

"मंग आपली फॅक्टरी मोठी आहे."

पण रोज चढणारा शेअर माणसाला झोपू देत नाही. कोण जाणे, पुढच्या वर्षी खरंच धंदा उभा राहील. शेवटी त्यांनी स्कूटर काढली आणि अहवालातल्या पत्त्यावर गेले.

पत्र्याचं शेड होतं. आत प्लास्टिकात गुंडाळलेलं एक यंत्र, भिंतीशी बांबूच्या मोळ्या, आणि खाटेवर सुकलू नावाचा चौकीदार.

"शेअरवाले का?" सुकलू उठून बसला. "जनरेटर लावू? साहेबानं सांगतलं हाय, शेअरवाले आले का आवाज आला पाह्यजे."

"राहू दे. यंत्र चालते काय?"

"त्याचं प्लास्टिक काढाची मनाई हाय."

सोमाजींनी एक बांबू उचलून आपटला. आतून पिवळी भुकटी गळली. कीड लागून दोन वर्षं तरी झाली असावीत. "नवा माल येत नाई?"

"हाच माल. फोटोवाले आले का मी इकडचा तिकडं रचतो."

सोमाजींना इतकं हसू आलं की खाटेवर बसावं लागलं. बघायचं ते बघून झालं होतं. आता प्रश्न गुणवंतरावांचा होता. सरळ सांगितलं तर 'जळून राह्यले' म्हणणार. मग त्यांनी सुकलूशी बराच वेळ बोलणं केलं. सुकलूला चार महिन्यांत पहिल्यांदाच काम मिळालं होतं, तो खुशीत होता.

सोमाजींनी फॅक्टरी पाहायला चला म्हटलं, तसे रविवारी गुणवंतराव इस्त्रीचे कपडे घालून, त्यांना बोलेरोत बसवून शेडवर आले. सोमाजींनी ओळख करून दिली, "सुकलू, हे वंशमूलचे शेअरवाले. म्हणजे तुझे मालक."

सुकलूनं वाकून रामराम केला. "बरं झालं आले, मालक. जनरेटरात डिझेल नाई. मालक आले तं मालकानंच टाकाचं."

गुणवंतरावांनी सोमाजींकडे पाहिलं. सोमाजी गंभीरपणे बांबू मोजत होते. मालक म्हटल्यावर माघार कशी घेणार? बोलेरोत ट्रॅक्टरसाठी घेतलेला पाच लिटरचा डबा होता, तो ओतला गेला. जनरेटर धडधडू लागला. गुणवंतराव यंत्राकडे बघत उभे राहिले. यंत्र जागचं हललं नाही.

"हे कवा चालू होते?" त्यांनी ओरडून विचारलं.

"हे नाई चालत, मालक," सुकलूही ओरडला. "हे फक्त आवाजासाठी."

 मूलला सोमाजींना सोडताना गुणवंतराव एवढंच म्हणाले, "जनरेटर तरी बंद कराचा होता त्यानं, माझं डिझेल जळून राह्यलं."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी सगळे शेअर विकले. रांगेतल्या कोणीतरी ते झटकन उचलले. त्यानंतर शेअर आणखी चार दिवस चढला. ते चार दिवस गुणवंतरावांनी सोमाजींचा फोन घेतला नाही. पाचव्या दिवशी शेअर घसरला, सहाव्या दिवशीही घसरला आणि मग घेणारा कोणी उरलाच नाही. सोमाजींनी बाजाराच्या तक्रार खात्याला सगळं लिहून पाठवलं. 'आपली तक्रार नोंदवली आहे' असं उत्तर आलं.

गुणवंतराव मात्र घरी मिठाई घेऊन आले. दीडचे सहा करून सुटलेला माणूस होता तो. चहा पिता पिता कमलाबाईंना म्हणाले, "मले तं पह्यलेच शंका आली होती, बाई."

ते गेल्यावर कमलाबाईंनी पेढ्याचा खोका उघडला. "ज्यानं काहीच नाई वाचलं त्यानं कमावलं. तुम्ही वर्षभर वाचून काय कमावलं?"

सोमाजींनी विचार केला. गुणवंतरावांचे शेअर ज्यानं घेतले तो माणूस कुठला असेल, हे काही केल्या डोक्यातून जात नव्हतं. 

"एक लाख," ते म्हणाले. "जागच्या जागी आहेत."

आणि त्यांनी दोन पेढे उचलले.