करवंदांचं ट्रायल

माझी मुलगी मीना चार वर्षं असं समजून होती की तिच्या आईने ट्रायल करणं सोडलं ते तिच्यामुळे. ते खरं नव्हतं. ते माझ्यामुळे सुटलं होतं. हे मला माहीत होतं आणि माझ्या बायकोला, गिरजाला माहीत होतं. गिरजा १९८७ च्या जानेवारीत गेली. मग ते फक्त मलाच माहीत राहिलं.

त्याच वर्षी मे महिन्यात मीनाचं पेणहून पत्र आलं. तिचं लग्न होऊन दीड वर्ष झालं होतं. तिने लिहिलं होतं, "बाबा, बुद्ध पौर्णिमेला येते, आठ दिवस राहीन. या वेळी आपण दोघं मिळून आईचं ट्रायल करू. माझ्या बोलण्याने तिने सोडलं, तर आता मीच केलं पाहिजे." ते पत्र खिशात घालून मी दोन दिवस कामावर गेलो. आता सांगितल्याशिवाय सुटका नव्हती.

आधी ट्रायल म्हणजे काय ते सांगतो.

आम्ही मंडणगडकडचे. मी ठाणे-बेलापूर रोडवर एका केमिकल कंपनीत ऑपरेटर. वाशीला सिडकोची खोली मिळाली तेव्हा खालच्या मजल्यावर फिलोमिना आंटी राहायच्या. ईस्टरला त्यांनी आमच्याकडे एक वाटी पाठवली. खाली केक, त्यावर लाल फळं, त्यावर पिवळं कस्टर्ड, परत केक. गिरजाने असं काही कधी खाल्लं नव्हतं. ती वाटी धुऊन परत द्यायला गेली ती तासाभराने शिकूनच वर आली.

"अहो, त्याला ट्रायल म्हणतात," ती मला म्हणाली.

आंटींनी ट्रायफल म्हटलं असणार. पण मी घरी येऊन रोज सांगायचो, आज नव्या मालाची ट्रायल घेतली, ट्रायल बिघडली, उद्या परत ट्रायल. तिच्या कानात तोच शब्द बसलेला. तिला तो बरोबरही वाटला. "बघा ना, थर लावायचे, आणि निघेल तेव्हा कळणार जमलं की नाही. म्हणून ट्रायल."

मला खरा शब्द माहीत होता. साहेब लोकांच्या पार्टीत कँटीनवाल्याच्या तोंडून ऐकला होता. पण मी तिला सांगितलं नाही. मला ते तिच्या तोंडून गोड वाटायचं. मीही ट्रायलच म्हणायला लागलो, मीनाही. आमच्या घरात त्याचं तेच नाव झालं.

स्ट्रॉबेरी कुठून आणणार? गिरजाने करवंदं घातली. मे महिन्यात पारसिकच्या डोंगरावरून कातकरी बाया पाट्या भरून करवंदं घेऊन महापे नाक्यावर बसायच्या. पहिली पाळी सुटली की मी दोन-तीन द्रोण घेऊन यायचो. ती मिठाच्या पाण्यात टाकून चीक काढायची, एकेक फोडून बिया काढायची, मग साखर घालून शिजवायची. तिची बोटं दोन दिवस जांभळी असायची. बेकरीतून आदल्या दिवशीचा केक आणायचा. शिळाच पाहिजे, तो रस पितो. काचेचं मोठं भांडं आमच्याकडे नव्हतं. कंपनीच्या लॅबमध्ये तोंडाला टवका उडालेलं एक कोरं बीकर टाकून देणार होते, ते मी विचारून आणलं. त्यावर मापाच्या रेघा होत्या. गिरजा त्या रेघांवर थर लावायची. दोनशेपर्यंत केक, तीनशेपर्यंत करवंदं, पाचशेपर्यंत कस्टर्ड, मग पुन्हा तसंच. शेवटी आंटींच्या फ्रीजमध्ये ठेवायची.

बुद्ध पौर्णिमेला आमच्यात खीर असतेच. खिरीबरोबर आमच्या घरी ट्रायल असायचं. शेजारपाजारचे त्या दिवसाची वाट बघायचे.

१९८३ साली युनियनने पहिल्यांदा बुद्ध पौर्णिमेची सुट्टी मिळवून दिली. त्या आनंदात मी कंपनीतल्या माणसांना घरी बोलावलं. आमचे केमिस्ट श्यामसुंदर साहेब आणि त्यांची मिसेस, आणि माझ्या पाळीतला कमळाकर. कमळाकर कोपरखैरण्याचा आगरी, जमीन सिडकोत गेलेली, तोंडाने मोकळा. साहेब माझ्या घरी येणार म्हणून मी हुरळलो होतो. पंखा पुसला, नवी चादर घातली.

त्या दिवशी सकाळी मीना करवंदं फोडायला बसली नाही. सतरा वर्षांची होती. म्हणाली, "काय गं आई, दरवर्षी तेच आंबटढाण! साहेब येणार आहेत, आइस्क्रीम आणा ना. लोक हसतील."

गिरजा हसून म्हणाली, "हसू देत. तू वाटी चाटशील तेव्हा मी हसेन."

एवढंच झालं. मीना ते धरून बसली. खरी गोष्ट संध्याकाळी झाली, तेव्हा ती मैत्रिणीबरोबर विहारात कार्यक्रमाला गेली होती.

जेवणं झाली. गिरजाने पांढरी साडी नेसली होती. तिने दोन्ही हातांनी बीकर आणून मधे ठेवलं. थर इतके सरळ आले होते की साहेब वाकून बघायला लागले.

"अरे वा! दत्ताराम, लॅब घरी आणलीस की काय?"

सगळे हसले. गिरजाही हसली. तिने पहिली वाटी भरली आणि साहेबांच्या मिसेसपुढे धरली. "घ्या ना मॅडम. ट्रायल आहे."

"ट्रायल?" मॅडम म्हणाल्या. "कसलं ट्रायल? आमच्यावर ट्रायल घेताय का?"

त्या वाईट बोलल्या नव्हत्या. त्यांना खरंच कळलं नव्हतं. गिरजाने माझ्याकडे पाहिलं. मी काहीतरी सांगून सांभाळून घेईन असं तिला वाटलं असेल.

मी सगळ्यांत मोठ्याने हसलो. "अहो मॅडम, ट्रायफल, ट्रायफल! हिला म्हणता येत नाही. चार वर्षं झाली, ट्रायल ट्रायल करते. आमच्या गावाकडचं इंग्लिश, काय करणार! मी म्हटलं, म्हणू दे."

साहेब हसले. मॅडम पण हसल्या. मला बरं वाटलं. दत्तारामला शब्द माहीत आहे हे साहेबांना कळलं, असं वाटलं. खोटं कशाला सांगू?

कमळाकर मात्र हसला नाही. वाटी पुढे करून म्हणाला, "वैनी, मना नावाशी काय करायचंय? मना आजून एक वाटी द्या. आन दत्तू, तू चार वरसं गप बसलास ना रं, मंग आज कशाला तोंड उघारलंस?"

मी ते चेष्टेवारी नेलं. गिरजाने त्याला वाटी दिली. सगळ्यांना दिलं. स्वतः घेतलं नाही. पाहुणे गेल्यावर मी म्हटलं, "छान झालं हां आज."

ती म्हणाली, "तुम्हाला माहीत होतं?"

"काय?"

"नाव."

"होतं. त्यात काय एवढं?"

"नाही, काही नाही," असं म्हणून ती भांडी घासायला गेली.

पुढच्या वर्षी मी करवंदं घेऊन आलो. तिने त्यांचं लोणचं घातलं. मीनाने विचारलं, "ट्रायल नाही करणार?" गिरजा म्हणाली, "नको आता. कंटाळा आला." मीनाचा चेहरा पडला. मी तिथेच बसून पेपर वाचत होतो. तेव्हा एक वाक्य बोललो असतो तर झालं असतं. मी पान उलटलं.

ट्रायल गेलं तेवढ्यावर थांबलं नाही. गिरजा चारचौघांत बोलायची कमी झाली. बँकेत, रेशनिंगच्या ऑफिसात, मीनाच्या कॉलेजात, कुठेही गेलो की मला पुढे करायची. "तुम्हीच सांगा. माझं चुकायचं." ८६ च्या गणपतीनंतर तिच्या पोटात दुखायला लागलं. डॉक्टरांनी तिलाच विचारलं, "बाई, कुठे दुखतं, कसं दुखतं?" तिने माझ्याकडे पाहिलं. म्हणाली, "हे सांगतील." मी सांगितलं, पित्त आहे, चहा फार पिते. त्यांनी पित्ताच्या गोळ्या दिल्या. तीन महिने ती त्या गोळ्या खात राहिली. दुसऱ्या डॉक्टरांकडे नेलं तेव्हा पोटात गाठ निघाली. ते म्हणाले, आधी आला असता तरी फार फरक पडला असता असं नाही. ते मला बरं वाटावं म्हणून म्हणाले की खरंच तसं होतं, मला कळलं नाही. मी परत विचारलं नाही.

तर मीना यायच्या आदल्या दिवशी मी एकट्यानेच ट्रायल करून बघितलं. वाटलं, ती यायच्या आत करून ठेवलं तर शेजारी बसून बोलायची वेळ येणार नाही. करवंदं आणली. केक आणला. दूध तापवून कस्टर्ड केलं, त्यात गुठळ्या झाल्या. गरमच ओतलं. केक फुगून वर आला, करवंदांचा रस खाली उतरला आणि सगळं मिळून पिठल्यासारखं झालं. फिलोमिना आंटी दारातून बघत होत्या.

"काय रे दत्ताराम, सिमेंट कालवलंस?"

"आंटी, कुठे चुकलं?"

"अरे बाबा, थंड करायचं असतं आधी. गिरजा परातभर पाण्यात पातेलं ठेवायची, अर्धा तास ढवळत बसायची. तू कधी बघितलं नाहीस? ती करत होती तेव्हा तू कुठे होतास?"

मी घरातच होतो. खाटेवर बसलेला असायचो.

पौर्णिमेला सकाळी मीना आली. आईच्या फोटोला तिने हार घातला, वंदना म्हटली, आणि पदर खोचून खाली बसली. नवी करवंदं मी पहाटेच आणून ठेवली होती. ती फोडायला लागली. मी तिच्यासमोर बसून बिया वेगळ्या करत होतो. एक द्रोण संपला. मग ती म्हणाली, "बाबा, माझं तोंडच फाटकं. एवढं कष्टाने करायची ती, आणि मी आंबटढाण म्हणाले. पुन्हा तिने हात नाही लावला."

मी म्हटलं, "तुझ्यामुळे नाही गं."

"तुम्ही असंच म्हणणार."

"नाही मीना. माझ्यामुळे."

मी तिला सगळं सांगितलं. साहेब, मॅडम, मी काय बोललो ते शब्द न् शब्द. कमळाकर काय म्हणाला तेही सांगितलं. पेपरचं पान उलटलं तेही. मधे थांबलो असतो तर पुढचं सांगितलं गेलं नसतं, म्हणून थांबलो नाही. सांगताना मी तिच्याकडे पाहत नव्हतो, करवंदांच्या परातीकडे पाहत होतो.

तिचे हात थांबले होते. तिने विचारलं, "आईला कधी म्हणालात? चुकलं म्हणून?"

"नाही."

"चार वर्षांत एकदा पण नाही?"

"म्हणायचं ठरवायचो. ती दुसरा विषय काढायची. मग मला सुटल्यासारखं वाटायचं."

"मी म्हणाले होते," मीना म्हणाली. "दवाखान्यात, शेवटच्या आठवड्यात. तिचे पाय चेपत होते. म्हटलं, आई, मी तेव्हा चुकले, माफ कर. ती म्हणाली, वेडी आहेस का, तुझं काही नाही, मलाच कंटाळा आला त्याचा. मला वाटलं, माझं मन राखतेय." तिने पुढचं करवंद उचललं. "ती तुमचं राखत होती."



ती उठली नाही. उरलेली करवंदं तिने फोडली, कस्टर्ड केलं, थंड केलं, थर लावले. मला काही विचारलं नाही आणि काही करूही दिलं नाही. मी एकदा चमचा पुढे केला, तो तिने घेतला आणि बाजूला ठेवला. दुपारी बिल्डिंगमध्ये वाट्या तीच देऊन आली. लोक म्हणाले, अगदी गिरजाच्या हातचं झालंय. माझी वाटी तिने माझ्यासमोर ठेवली आणि आत गेली. मी खाल्लं. चांगलं झालं होतं. जास्त काही सांगता येत नाही.

ती आठ दिवस राहणार होती, तिसऱ्या दिवशी निघाली. सासूबाईंना बरं नाही म्हणाली. तसं पत्र आलेलं मी पाहिलं नव्हतं. तरी मी थांब म्हटलं नाही. तिची पिशवी घेऊन वाशीच्या स्टँडवर गेलो. एस.टी. येईपर्यंत आम्ही जावयाबद्दल बोललो, पेणच्या पाण्याबद्दल बोललो. गाडीत बसल्यावर तिने खिडकीची काच सरकवली.

"बाबा, मला अजून राग आहे," ती म्हणाली. "जाईल कधी ते माहीत नाही."

"असू दे," मी म्हटलं.

"पण पत्र टाकत जा. मी उत्तर नाही दिलं तरी टाकत जा."

गाडी सुटली. मी कंपनीच्या बसची वेळ होईपर्यंत तिथेच उभा राहिलो. त्या रविवारी मी पहिलं पत्र टाकलं. आज दीड महिना झाला, दर रविवारी टाकतो. उत्तर अजून आलेलं नाही.