उलटे बूट

भाऊसाहेब चौतीस वर्षं केंद्र सरकारात घासून अवर सचिव म्हणून निवृत्त झाले आणि दिल्लीच्या आर. के. पुरमचं सरकारी क्वार्टर सोडून गुडगावला मुलाच्या नव्या फ्लॅटमध्ये आले. साल अठ्ठ्याण्णव. गॅलरीतून एका बाजूला काचेची इमारत चढताना दिसायची, दुसऱ्या बाजूला अजून मोहरीची शेतं होती. मुलगा सुधन्वा आणि सून देवयानी, दोघंही कंपन्यांत. सकाळी आठला बाहेर पडले की रात्रीच घरी. दिवसभर घरात भाऊसाहेब, त्यांच्या पत्नी हेमलताबाई आणि पाच वर्षांची नात मृणाल.

ऑफिसात भाऊसाहेबांचा दरारा होता म्हणतात. नातीपुढे त्याचं पार पाणी झालं. तिच्या शर्टाची बटणं ते लावायचे, पोळीचे तुकडे ते करायचे, पेन्सिलीला टोकही तेच काढायचे. मृणालने नुसता पाय पुढे करायचा, की बूट चढलाच.

मग एके दिवशी शाळेच्या डायरीत लतिका मॅडमची चिठ्ठी आली. देवयानीने ती जेवताना वाचून दाखवली. ‘बूट घालायची वेळ झाली की मृणाल खुर्चीवर बसते, पाय पुढे करते आणि वाट बघते. कालपासून आणखी दोन मुली तसंच करू लागल्या आहेत.’

सुधन्वाला ठसका लागला.

“मग त्यात काय?” भाऊसाहेब म्हणाले. “मॅडमनी घालावेत.”

“आबा, वर्गात सव्वीस मुलं आहेत,” देवयानी म्हणाली. “तिला करू द्या ना तिचं तिला.”

“अगं, दहा मिनिटं लावते ती एका बुटाला! व्हॅन थांबते का?”

“आज दहा लावेल, उद्या आठ लावेल.”

“यांना काय सांगतेस?” हेमलताबाई म्हणाल्या. “यांनी स्वतः कधी...”

“मी काय स्वतः?”

“काही नाही. भात वाढू?” आणि त्यांनी भात वाढला, वरण घातलं, वर लिंबू पिळून दिलं.

भाऊसाहेबांनी सुनेला शब्द दिला, आणि तो सरकारी पद्धतीने पाळला. म्हणजे घरात मृणालच्या बुटाला हात लावला नाही. लिफ्टचं दार बंद झालं की खाली बसून बक्कल लावून द्यायचे.

पुढच्या आठवड्यात हेमलताबाईंची बहीण नागपुरात पाय घसरून पडली आणि हेमलताबाई तीन आठवड्यांसाठी तिकडे गेल्या. स्वयंपाकाला बाई सकाळी येऊन जायची. प्रश्न होता चार वाजताच्या चहाचा.

पहिल्या दिवशी भाऊसाहेब स्वयंपाकघरात शिरले आणि दारातच थबकले. परक्या खात्यात बदली होऊन आल्यासारखं वाटलं त्यांना. एकेक डबा उघडून बघितला. रवा. मेथीदाणे. पुन्हा रवा.

“साखर वरच्या निळ्या डब्यात आहे,” मागून आवाज आला. मृणाल दारात स्टुलावर बसली होती, हात मांड्यांखाली दाबून.

“असं हात दाबून का बसलीस?”

“लतिका मॅम म्हणतात, दुसरा शिकत असला की आपले हात आपल्याजवळ ठेवायचे.”

भाऊसाहेबांनी पातेलं चढवलं. पाणी, पत्ती, साखर, दूध, सगळं एकदमच. “आता गाळणं कुठंय?”

“गाळणं म्हणजे?”

“अगं, ते... भोकाभोकांचं.”

“अच्छा, छन्नी! ओट्याखाली. पण आबा, दूध...”

दुधाचं नाव निघेपर्यंत ते वर आलं, फेसाळलं आणि पातेल्याबाहेर पडून ओट्यावरून खाली चाललं. भाऊसाहेबांनी गॅस बंद करायला हात घातला तो शेजारच्या शेगडीच्या बटणाला. मग एकदाचा विझवला. चौतीस वर्षांत एकाही फाइलीवर शाईचा डाग न पडू देणारा तो माणूस चहाच्या थारोळ्यात सपाता घालून उभा राहिला.

“रागवायचं नाही,” मृणाल समजुतीने म्हणाली. “सांडलं की पुसायचं. फडकं खिडकीत आहे.”

“तू दे ना जरा.”

“ना. तू स्वतः घे. तुला येतं.”

ते ‘तुला येतं’ ऐकून भाऊसाहेबांना काय झालं कोण जाणे. गेली पन्नास वर्षं... छे, बत्तीसच, पण पन्नास वाटावीत इतकी, बायको त्यांच्या हातातून वस्तू काढून घेत आली होती. तुम्हांला नाही जमायचं, द्या इकडे. सगळं मायेनंच. पण ‘तुला येतं’ असं घरात त्यांना कुणीच म्हणालं नव्हतं. त्यांनी फडकं घेतलं, ओटा पुसला, फरशी पुसली. उरलेला अर्धा कप चहा गाळून घेतला. कडू होता. तो त्यांनी मिटक्या मारत प्यायला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मृणाल बूट घालायला बसली. भाऊसाहेब समोरच्या खुर्चीत बसले आणि त्यांनी आपले दोन्ही हात मांड्यांखाली घातले. बक्कलाचा पट्टा भोकात जाईना. मृणालची जीभ दातांत आली, मग नाकावर घाम आला. खाली व्हॅनचा हॉर्न वाजला. भाऊसाहेबांचे हात वळवळले. पुन्हा हॉर्न वाजला, लांबलचक. मग व्हॅन निघून गेल्याचा आवाज आला.

“झालं!” मृणाल उभी राहिली.

भाऊसाहेबांनी पाहिलं. डावा बूट उजव्या पायात, उजवा डाव्यात. दोन्ही बक्कलं आतल्या बाजूला समोरासमोर. त्यांनी आपल्या चपला पायांत सरकवल्या आणि दार उघडलं.

चालत वीस मिनिटांची वाट होती. नात बदकासारखी पुढे, आजोबा मागे. वाटेत सोसायटीच्या दोन बायकांनी पायांकडे बघून “अरे बेटा, जूते...” म्हणायला सुरुवात केली, तेव्हा भाऊसाहेबांनी तोंडावर बोट ठेवलं.

फाटकात लतिका मॅडम उभ्या होत्या. त्यांनी आधी घड्याळ पाहिलं, मग बूट, मग भाऊसाहेब, आणि त्या वाकू लागल्या.

“रहने दीजिए, मॅडम,” भाऊसाहेब म्हणाले. “उसने खुद पहने हैं.”

दुपारी शाळा सुटेपर्यंत त्यांना चैन पडेना. पोरीला फोड आला असेल, कुणी हसलं असेल. पण मृणाल परत आली ती बूट सरळ पायांत घालून.

“आबा, माझे बूट उलटे होते! खेळताना टोचलं, मग मीच बदलले.” मग तिने डोळे बारीक केले. “तुला दिसलं नव्हतं?”

“नाही बुवा,” भाऊसाहेब म्हणाले.

रात्री तिने जेवणाच्या टेबलावर जाहीर केलं की आबाच्या चष्म्याचा नंबर बिल्कुल बदलला आहे. सुधन्वा काळजीत पडला. रविवारी तो त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेला, आणि भाऊसाहेब एक अक्षर न बोलता त्याच्याबरोबर गेले.