तोंडी परवानगी

अन्नपूर्णा भागातल्या त्या चार मजली इमारतीचं सेक्रेटरीपद धम्मदीनाच्या गळ्यात पडलं, कारण ते कुणालाच नको होतं. शाळेत शिकवणारी बाई, कुणाशी भांडणार नाही, एवढाच विचार लोकांनी केला.

चौथ्या मजल्यावर रघुवीरकाका आणि शांताकाकू राहत. धम्मदीनाचे वडील किसन महूच्या फौजी घरातले, पण आयुष्य गेलं सांवेर रोडच्या कारखान्यात, आणि तिथं शेजारच्या मशीनवर रघुवीरकाका. वडील गेले तेव्हा महूहून नातेवाईक पोचेपर्यंत सगळं काकांनीच निभावलं होतं.

काकूंचं अर्धं अंग लुळं पडलं होतं. त्यांना व्यायामाला नेता यावं म्हणून काकांनी बॅटरीवरची तीनचाकी स्कूटर घेतली. एका सकाळी जिन्यात त्यांनी धम्मदीनाला थांबवलं.

"दीना, माझ्या मीटरवरून एक वायर बेसमेंटमध्ये घेऊ का? चार्जिंगसाठी."

"घ्या ना काका! विचारताय काय?" शाळेची बस दिसत होती. ती पळाली.

कमिटीसमोर हा विषय कधी आलाच नाही. इमारतीचा विमा दरवर्षी एजंट येऊन पुढे चालू करून जायचा. त्या कागदात बेसमेंट म्हणजे फक्त पार्किंग, हे कुणी वाचलेलं नव्हतं. स्कूटर रोज सगळ्यांसमोर चार्ज व्हायची.

मे महिन्यातल्या एका दुपारी चार्जिंगच्या कोपऱ्यात आग लागली. वायर तापली की बॅटरी, ते शेवटपर्यंत ठरलं नाही. माणूस कुणी गेलं नाही, पण मेन पॅनल जळालं, लिफ्टचं वायरिंग जळालं, आणि वर तळमजल्याच्या खोलीत शिवणाचं काम करणाऱ्या सुहासिनीचा सगळा माल कोळसा झाला.

विमा कंपनीचा सर्व्हेयर यायच्या आदल्या संध्याकाळी चेअरमन विजयजींनी कमिटी बोलावली. पुण्याहून नोकरीसाठी आलेला, चटपटीत माणूस.

"सिंपल आहे मॅडम. म्हणायचं, सोसायटीला माहीतच नव्हतं. मग चूक एका माणसाची, सोसायटीची नाही. क्लेम निघेल, त्यातून सुहासिनीलाही भरपाई देता येईल."

"पण मी काकांना हो म्हटलं होतं."

"लिहून दिलंत? नाही ना? मग झालं तर."

सुहासिनी कोपऱ्यात बसली होती. रडून तिचा आवाज बसला होता. "ताई, लोकांच्या पोरींचे लग्नाचे लेहंगे होते ते. रोज कोणी ना कोणी दारात येऊन उभं राहतं. माझ्याकडे बघा जरा."

धम्मदीनानं मान खाली घातली.

दुसऱ्या दिवशी काळ्या पडलेल्या बेसमेंटमध्ये सर्व्हेयरनं फोटो काढले आणि विचारलं, "ये पॉइंट लगाने की परमिशन किसने दी?"

"किसी ने नहीं, सर," विजयजी म्हणाले. "इन्होंने अपने मन से लगाया."

काका खांबाजवळ उभे होते. सर्व्हेयर धम्मदीनाकडे वळला. "सेक्रेटरी आप हैं ना?"

तिनं काकांकडे बघणं टाळलं. "मुझे... मुझे किसी ने पूछा नहीं था."

सर्व्हेयरनं ते लिहून घेतलं. मग काका शांतपणे म्हणाले, "सही है. पूछना रह गया मेरा." आणि जिना चढू लागले.

एवढं करूनही क्लेम नामंजूर झाला. कंपनीचं म्हणणं सरळ होतं: परवानगी कुणी दिली याच्याशी आमचं देणंघेणं नाही, बेसमेंटचा वापर बदलला, उघडउघड इतके महिने चार्जिंग चाललं, आणि आम्हाला कुणी कळवलं नाही. सुहासिनी खोली सोडून माहेरी गेली. लिफ्ट बंदच राहिली. काकूंचा व्यायाम थांबला, आणि जो हात थोडा उचलला जायचा तोही पडून राहू लागला.

आठवडाभर टाळून धम्मदीना वर गेली. काकांनी दार उघडलं, आत घेतलं, पाणी दिलं.

"काका, माझं चुकलं."

"खोटं बोललीस त्याचं नाही गं वाटत. घाबरलीस, समजू शकतो." ते खिडकीबाहेर बघत राहिले. "पण मी 'रह गया' म्हणालो, त्यानंतर तरी तू बोलशील, असं वाटलं होतं."

तिनं पाण्याचा पेला खाली ठेवला.

महिनाअखेर त्यांची मुलगी प्राची आईवडिलांना आपल्याकडे न्यायला देवासहून गाडी घेऊन आली. काकूंना खुर्चीत बसवून चार मजले उतरवायचं होतं. एक बाजू धम्मदीनानं धरली. काकूंना कुणी काही सांगितलं नव्हतं. वळणावर दम घ्यायला खुर्ची टेकली तेव्हा त्यांनी चांगल्या हातानं धम्मदीनाचा दंड धरला. "तू आहेस म्हणून जिवाला आधार बाई. किसनभाऊंची पोर!" काका खालच्या पायरीवर पाठमोरे उभे होते. ते वळले नाहीत.

पुढच्या मीटिंगला बेसमेंटमध्ये चार्जिंग बंद करायचा ठराव होता. धम्मदीना उठून उभी राहिली. "रघुवीरकाकांना परवानगी मी दिली होती. त्यांनी मला विचारलं होतं, मी हो म्हटलं होतं."

कुणीतरी खोकललं. विजयजींनी मोबाइलवरून नजर वर केली.

"ठीक आहे ना मॅडम. आता त्याचा काय उपयोग?" ते म्हणाले. "चला, पाण्याच्या टाकीचं काय ठरलं?"

ती थोडा वेळ तशीच उभी राहिली. मग बसली.