पुठ्ठ्यातला कागद

कागद जाळायचा म्हटलं की ॲम्ब्रोज पिकच्या जिवावर यायचं. लंडनच्या सेंट पॉल चर्चच्या आवारातला त्याच्यासारखा कुठलाही पुस्तकविक्या न खपलेले ताव पुठ्ठ्यात भरायचा आणि वर कातडं चढवायचा, तशी रीतच होती. म्हणून त्याने चोरून विकलेल्या, बिशपांना झोडपणाऱ्या एका निनावी पुस्तकाचे उरलेले ताव ‘आजच्या आज चुलीत घाल’ असं ते छापणाऱ्या त्याच्या मित्राने, छापखानेवाल्या गिल्बर्टने बजावलं, तेव्हा ॲम्ब्रोजने मान डोलावली आणि घरी येऊन सगळे ताव प्रार्थनेच्या पुस्तकांच्या पुठ्ठ्यांत चिकटवून टाकले. चांगला जाडजूड फ्रेंच कागद, जाळवतो का मेला!

वर्षभर काही झालं नाही. मग कुठल्याशा खेड्यातल्या पाद्र्याच्या कुत्र्याने त्यातलं एक पुस्तक कुरतडलं आणि पुठ्ठ्यातून नको ते बाहेर पडलं. पुस्तक चार हात फिरलेलं, त्यामुळे विकणारा सापडला नाही. पण तावावरच्या नक्षीतल्या मोराची चोच तुटकी होती, आणि तसला ठसा अख्ख्या लंडनमध्ये एका गिल्बर्टकडेच होता.

शिपायांनी गिल्बर्टला धरलं, पण ताव कुठे सापडला ते सांगितलं नाही. ते निनावी पुस्तक विकणाऱ्याचं नाव सांग, कान वाचतील, म्हणाले. त्याने सांगितलं नाही. शुक्रवारी भर बाजारात त्याचे दोन्ही कान कापले आणि त्याला परत तुरुंगात डांबलं. ॲम्ब्रोज त्या दिवशी दुकान बंद करून आत बसून राहिला. आपण सुटलो असं त्याला वाटलं, आणि तसं वाटल्याची भयंकर लाज वाटली.

सोमवारी गिल्बर्टची बायको सिसली दुकानात आली.

“भाऊजी, यांचा निरोप आहे. म्हणाले, ॲम्ब्रोजला सांग, घाबरू नकोस. लेकरंबाळं आहेत त्याला.”

ॲम्ब्रोजने उगाचच एक पुस्तक पुसायला घेतलं.

“आणि जाइल्सला मी घराबाहेर काढलं. सख्खा भाऊ ना माझा! छापखान्यात अक्षरं जुळवायला तोच होता. ताव बाहेर गेला तो त्याच्याच हातून. आता शपथा घेतोय, रडतोय. म्हटलं, तोंड काळं कर मेल्या.”

“कुठे असतो आता?”

“नदीकाठी उलट्या होड्यांखाली निजतो म्हणे. खोकतोय. खोकू दे. मी बरोबरच केलं ना, भाऊजी? तुम्ही तरी सांगा.”

नुसतं ‘हो’ म्हटलं असतं तरी भागलं असतं. तो शब्द ॲम्ब्रोजच्या जिभेवर आलाही होता.

“वहिनी, जाइल्सला घरी आणा,” तो म्हणाला. “ते ताव मी जाळलेच नाहीत. पुठ्ठ्यांत घातले.”

“का?”

“कागद चांगला होता.”

सिसलीने डोक्यावरची शाल सावरली. चार शिव्या दिल्या असत्या तरी त्याला बरं वाटलं असतं. ती दाराकडे निघाली.

“मी तुरुंगात जातो, वहिनी. पाय धरतो गिल्बर्टचे. सगळं सांगतो.”

“खबरदार!” ती गर्रकन वळली. “तुम्हाला मोकळं व्हायचंय होय? त्यांचे कान गेले, छापखाना गेला. मित्राला वाचवलं, एवढ्या एका गोष्टीवर तो माणूस तिथे घास गिळतोय. तेवढं तरी राहू द्या त्यांच्यापाशी. भेटायला जा, जरूर जा. आणि बोलतील ते गुमान ऐकून घ्या.”

बुधवारी ॲम्ब्रोज गेला. डोक्याला फडकं गुंडाळलेल्या गिल्बर्टने गजांतून त्याचा हात घट्ट धरला.

“बरं झालं बाबा, तू ताव जाळलेस,” तो हसून म्हणाला. “नाहीतर तूही अडकला असतास.”

“हो,” ॲम्ब्रोज म्हणाला.