भिंतीपलीकडचं कुरण

एनिडने आपल्या कबरीची जागा स्वतः निवडली होती. चर्चच्या आवारात, खालच्या अंगाला, दगडी भिंतीला लागून. "जन्मभर स्वयंपाकघराच्या खिडकीतून तुझा गोठाच पाहिला," ती म्हणाली होती. "आता तरी काही बरं दिसू दे."

भिंत कमरेएवढी. पलीकडे कुरण ओढ्यापर्यंत उतरत जातं. शेकडो वर्षांपूर्वी बैलांनी केलेल्या नांगरटीचे उंचवटे त्यात अजून आहेत. संध्याकाळचं ऊन तिरपं झालं की ते लाटांसारखे उठून दिसतात आणि मेंढ्या त्यांच्यावरून वरखाली होतात. ती गेल्यापासून मी रोज थर्मासमध्ये चहा घेऊन तिथे बसायचो.

वसंतात ते कुरण पेल्हम नावाच्या माणसाने घेतलं. गावात नवा. उन्हाळ्यात त्याने भिंतीपलीकडे फळ्यांचं कुंपण घातलं, माझ्या डोक्याहून उंच. एनिडसमोर आता नुसत्या फळ्या.

सगळं गाव चिडलं, पण त्याच्या तोंडावर कोणी बोललं नाही. आमच्याकडे नव्या माणसाशी फक्त हवामानावर बोलतात. तो भेटला की मीही "आज ऊन बरं पडलंय" म्हणायचो आणि घरी येऊन भांडी आपटायचो.

चर्चमधली फुलं मेव्हिस बघते. एनिडची मैत्रीण.

"विल्फ, बोललास का त्याच्याशी?"

"बरं दिसत नाही गं ते."

"एनिडने एव्हाना त्याचा कान धरला असता. तू बस फळ्यांकडे बघत चहा पीत."

कापणी झाल्यावर गावजेवण असतं. पेल्हम नेमका माझ्या शेजारी बसला. मी पोर्क भरलेली अर्धी पेस्ट्री खाल्ली आणि ताटली बाजूला सारली.

"मिस्टर पेल्हम," मी म्हणालो, "तुमच्या कुंपणाने माझ्या बायकोला कुरण दिसत नाही."

त्याने काटा खाली ठेवला. "अहो, पण ते मी तुमच्यासाठीच घातलं."

"माझ्यासाठी?"

"तुम्ही रोज तिथे बसता. माझी कुत्री भुंकतात, मी ट्रॅक्टर फिरवतो. म्हटलं, दुःखात माणसाला आडोसा हवा. मला स्वतःला ते कुंपण बघवत नाही. पण काढलं तर तुम्हाला वाईट वाटेल, म्हणून गप्प होतो."

मी बटाट्यांचं भांडं पुढ्यात ओढलं.

"दोघेही शहाणे," समोरून मेव्हिस म्हणाली. "आता ते बटाटे इकडे सरकवा."

दुसऱ्या दिवशी दुपारी पेल्हम पहार घेऊन आला. एका टोकाकडून तो, दुसऱ्या टोकाकडून मी. एकेक फळी निघाली की तेवढं कुरण उघडं व्हायचं. मधली फळी आम्ही दोघांनी मिळून काढली. मग त्याच्यासाठी थर्मासच्या झाकणात चहा ओतला आणि मी कपात घेतला.

ऊन तिरपं झालं. उंचवट्यांच्या सावल्या ओढ्यापर्यंत गेल्या. फार दिवसांनी माझे खांदे सैल पडले.

पेल्हमची कुत्री कुरणात भुंकत होती. भुंकू देत. एनिडला कुत्री आवडायची.