माणिकप्पांचा टँकर

मी एक जुनी कॅसेट आहे. माझी तपकिरी फीत आता मऊ पडली आहे. मित्रांनो, माझ्यासारख्या कॅसेटवर तुमच्या आजोबांनी गाणी ऐकली असतील. माझ्यावर मात्र एक खेळ साठवला होता.

अणदूरच्या माणिकप्पांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. शहाऐंशी साली त्यांनी पुण्याहून टीव्हीला जोडायचा एक जुना संगणक आणला आणि स्वतःच खेळ रचू लागले. पहिल्या खेळात गोफणीनं पाखरं हाकलायची होती. पोरं हसली, "अप्पा, तुमच्या पाखरास्नी चालता येतंय, उडता न्हाय!"

दुसरा खेळ जमला. नाव 'टँकर'. टँकर निघून जाण्याआधी घागरी भरायच्या, पाणी सांडायचं नाही. वर्ष दुष्काळाचं, दुकानात पोरांची रांग लागायची. माणिकप्पांच्या पत्नी पार्वतम्मा दारातून म्हणायच्या, "पडद्यावरच्या घागरी भरून झाल्या असतील तर घरचा हंडा बी बघा. खरा टँकर आलाय!"

सोलापूरचा एक व्यापारी तो खेळ विकायला तयार झाला. खेळ माझ्या एकटीवरच होता. माझ्या कडेला प्लॅस्टिकची चिमुकली पट्टी असते. ती मोडली की माझ्यावर दुसरं काही भरता येत नाही. माणिकप्पा ती मोडत नसत. "अजून जरा सुधारू," म्हणत.

त्याच आठवड्यात घरी खंडोबाचा जागर होता. जागराची गाणी भरून घ्यायला पार्वतम्मांचे भाऊ वीरप्पा यांनी मला टेपमध्ये लावून पाहिलं. सुरुवातीला माणिकप्पांनी स्वतःच्या आवाजात दोन शब्द भरले होते; पुढं साठवलेला खेळ टेपवर नुसता किंचाळतो.

"आधी दाजी बोलतेत, मग लई किरकिर. बिघडलीय ही," असं म्हणून त्यांनी तिथूनच पुढं जागर भरला.

व्यापारी आला. पडद्यावर काही उमटेना. माणिकप्पांनी टेपची संगणकाला जोडलेली वायर काढून ऐकलं, तर जागरातली दिमडी वाजत होती. वीरप्पांची मान खाली गेली.

"आवाज झकास आलाय, वीरप्पा," माणिकप्पा एवढंच बोलले. पुढं त्यांनी संगणक विकला. पुन्हा खेळ रचला नाही.

यंदा माणिकप्पा गेले. त्यांची मुलगी महानंदा हिनं मला ट्रंकेतून काढून लावलं. सुरुवातीला ते अजून बोलतात: "टँकर. सावकाश भरा, पाणी सांडू नका." मग थोडी किरकिर, मग दिमडी. ती दिमडीपाशी थांबते आणि मला मागं फिरवते.

मित्रांनो, आपल्याला कळलं नाही म्हणून एखादी गोष्ट बिघडलेली नसते. पुसण्याआधी घरात एकदा विचारा.

काल महानंदानं नखानं माझी ती पट्टी मोडली. कट्ट झालं. एवढंच तर करायचं राहिलं होतं.